दिलेला दाखला

आमच्या गांवाचें नांव समुद्रपूर. पण समुद्र येथून शेंकडों मैल दूर आहे, आणि माझ्या पिढींतील पुष्कळांनीं तो चित्रांतच पाहिला. तरी अलीकडे कापसाच्या या मुलखांतून समुद्रापलीकडे जाणारीं मुलें निघूं लागलीं आहेत, आणि निघण्यापूर्वीं तीं एकदां तरी माझ्या ओसरीवर येऊन बसतात. याचें कारण माझी विद्वत्ता नव्हे. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. परंतु शाळेच्या रजिस्टरांतील त्यांच्या नांवांच्या व जन्मतारखांच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत, आणि परदेशाची वाट त्या रजिस्टरापासून सुरू होते.

कांहीं महिन्यांपूर्वीं असाच एक जुना विद्यार्थी आला. शिक्षणासाठीं अमेरिकेस जाण्याची त्याची सिद्धता झाली होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याच्या आडनांवांत ‘ळ’ आहे. इंग्रजीस ‘ळ’ ठाऊक नसल्यामुळें पासपोर्टावर त्याचा ‘ल’ झाला, आणि एका परीक्षेच्या प्रमाणपत्रावर तर ‘ड’ होऊन बसला. तो म्हणाला, “गुरुजी, उद्यां तिकडे कोणी म्हटलें कीं हा दाखला तुझा नव्हेच, तर मीं काय करावें?” मीं मोठ्या ठामपणानें सांगितलें, “बाळ, शाळेनें दाखला दिला म्हणजे शाळा त्याला बांधली गेली. तिला मागाहून अंग काढून घेतां येत नाहीं.” तो समाधानानें गेला. मला मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. शाळा बांधली जाईल, पण राज्याचें काय? परक्या देशाच्या सरकारनें स्वतः दिलेला कागद तेंच सरकार परत मागूं लागलें, तर परक्या माणसानें कोणाच्या दाराशीं जावें?

हा प्रश्न सुमारें शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंत एका हिंदी वकिलापुढें उभा राहिला होता. त्यांचें नांव सखाराम गणेश पंडित. नांव उच्चारतांच मराठी कानास ओळख पटावी असें आहे. पण महाराष्ट्रांत तें फारसें कोणास ठाऊक नाहीं. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम त्या काळाकडे पाहूं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटींत बसल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या. त्यांची वाट अडविली ती स्वकीयांनीं. अमेरिकेच्या कायद्यानें हिंदी माणसास आगाऊ परवाना घ्यावयास लावलें नव्हतें. परंतु आदल्याच वर्षीं, १८८२ त, चिनी मजुरांस मज्जाव करणारा कायदा तेथें झाला होता. दार मिटावयास आरंभ झाला होता, तें अजून आपल्यापर्यंत आलें नव्हतें इतकेंच. पुढच्या पंचवीस वर्षांत पंजाबांतील शेतकरी व माजी शिपाई कॅनडाच्या व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर जाऊन पोंचले, आणि तेंहि दार मिटूं लागलें. १९०७ च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टन संस्थानांतील बेलिंगहॅम गांवीं गोऱ्या मजुरांच्या जमावानें त्यांस मारहाण करून गांवाबाहेर हुसकून लावलें. आमच्याच जिल्ह्यांतील पांडुरंग सदाशिव खानखोजे याच सुमारास त्या किनाऱ्यावर शेतकी शिकावयास गेले होते. पुढें ते गदर चळवळींत पडले. त्यांच्याकडे शेवटीं पुन्हां येईन.

परक्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसास वकिलाचा उपयोग काय, हें आम्हां वर्धेकरांस समजावून सांगावयास नको. सेवाग्रामीं राहून गेलेल्या महात्म्यानें तेंच काम नाताळांत आरंभिलें होतें. १८९४ सालीं बालसुंदरम् नांवाचा एक तामीळ गिरमिट्या मजूर, धन्यानें मारून दांत पाडलेला, रक्तबंबाळ असा गांधींच्या कचेरींत आला. गांधींनीं त्यास डॉक्टराकडे नेलें, मग मॅजिस्ट्रेटापुढें नेलें, आणि त्याचें गिरमिट दुसऱ्या धन्याच्या नांवावर करविलें. गिरमिटाची पद्धति त्यामुळें मोडली नाहीं. परंतु त्या पद्धतीच्याच कायद्यांत जी एक लहानशी फट होती तिच्यांतून एक माणूस बाहेर काढतां आला.

फटच ठेवली नसेल तर वकीलहि थकतो. १९०८ पासून कॅनडानें असा नियम केला कीं, येणारानें आपल्या देशांतून मध्यें कोठें न उतरतां थेट प्रवास करून यावें. हिंदुस्थानांतून तशी थेट बोटच नव्हती. नियमांत हिंदी माणसाचें नांव नाहीं, आणि दार मात्र त्याच्यावरच बंद! १९१४ सालीं ‘कोमागाटा मारू’ ही बोट ३७६ उतारू घेऊन व्हँकूवरला आली, तेव्हां किनाऱ्यावरील हिंदी लोकांनीं पैसे जमवून एडवर्ड बर्ड नांवाचा वकील दिला. उतारूंस बोटीवरच अडकवून ठेविलें होतें, आणि वकिलास त्यांची मोकळेपणें भेटहि घेऊं देत नसत. मुनशी सिंग या एका उतारूचा दावा नमुन्यादाखल चालला व हरला. दोन महिन्यांनीं बोट परत फिरली. अमेरिकेनें १९१७ त याहून सरळ मार्ग धरला: आशियाचा एक मोठा पट्टा कायद्यांतच आंखून त्यांतील लोकांस प्रवेश बंद केला. त्या पट्ट्यांत हिंदुस्थान होता.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. देशांत शिरणें ही एक गोष्ट आणि तेथला नागरिक होणें ही दुसरी. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानें नागरिकत्व केवळ स्वतंत्र गोऱ्या माणसास देऊं केलें होतें. यादवी युद्धानंतर १८७० त आफ्रिकी वंशाच्या लोकांसहि तें मिळूं लागलें. हिंदी माणूस यांपैकीं कोणत्या रकान्यांत बसतो? कायद्यास उत्तर ठाऊक नव्हतें, म्हणून उत्तर न्यायाधीशागणिक बदले. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थांस न्यूयॉर्कच्या न्यायालयानें गोरे ठरविलें, आणि १९१० त अपिलांत तें कायम झालें. दुसरीकडे असेच अर्ज फेटाळलेहि जात.

पंडित विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेस गेले होते. लॉस एंजेलिस येथील न्यायालयापुढें त्यांनीं नागरिकत्वाचा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्यानें तेथें हजर राहून, हा अर्जदार गोरा नव्हे, अशी हरकत घेतली. न्यायाधीशानें दोन्ही बाजू ऐकल्या आणि १९१४ सालीं पंडितांस नागरिक करून घेतलें. सरकारनें त्यावर अपील केलें नाहीं. ही बारीकशी गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. मग पंडित कायदा शिकले. १९१७ त त्यांस कॅलिफोर्नियांत वकिलीची सनद मिळाली, आणि आपल्यासारख्याच इतर हिंदी लोकांचे नागरिकत्वाचे अर्ज ते चालवूं लागले. १९२० त लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईशीं त्यांचा विवाह झाला. घर झालें, धंदा चालला. एका कागदावर माणूस जेवढें उभारूं शकतो तेवढें त्यांनीं उभारलें.

याच सुमारास भगतसिंग थिंद यांचा खटला वर गेला. हे पंजाबचे, पहिल्या महायुद्धांत त्यांनीं अमेरिकन सैन्यांत नोकरी केली होती. ऑरेगॉनमधील न्यायालयानें १९२० त दिलेलें त्यांचें नागरिकत्व रद्द करावें म्हणून सरकार भांडत होतें. सर्वोच्च न्यायालयांत थिंदांच्या बाजूनें पंडित उभे राहिले. पक्ष बळकट दिसत होता. १९२२ च्या नोव्हेंबरांत ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळतांना याच न्यायालयानें म्हटलें होतें कीं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. त्या काळचे वंशशास्त्रज्ञ तर उत्तर हिंदुस्थानांतील लोकांस कॉकेशियनांतच घालीत. मग अडचण कसली? अडचण न्यायमूर्ति सदरलँड यांस दिसली. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं त्यांनीं न्यायालयाचा एकमताचा निकाल दिला: शास्त्रज्ञ कांहींहि म्हणोत, सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो तोच कायद्याचा गोरा. तीन महिन्यांपूर्वींचा ओझावाचा निकालहि याच सदरलँडांनीं लिहिलेला. आणि ते स्वतः इंग्लंडांत जन्मून लहानपणीं आईबापांबरोबर अमेरिकेस आलेले!

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें मला बरें वाटत नाहीं. थिंदांच्या बाजूनें असाहि युक्तिवाद करण्यांत आला होता कीं, अमेरिकन गोरा काळ्या माणसास जसा लेखतो तसाच उच्च जातीचा हिंदू आपल्याकडील मूळच्या रहिवाशांस लेखतो. म्हणून त्यास गोऱ्यांत धरावें. ज्या वर्ध्यास १९२८ त लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांस खुलें झालें, त्या जिल्ह्यांत बसून हें वाचतांना माझी मान खालीं गेली. आपल्यावरील अन्याय दूर व्हावा म्हणून दुसऱ्यावरील अन्यायाची साक्ष काढावयाची! वकील पक्षकारासाठीं हातीं येईल तें शस्त्र घेतो हें मी जाणतों. पण तें शस्त्र घेऊनहि खटला हरला, हें सांगितलेंच पाहिजे.

निकालाचे परिणाम कागदावर थांबले नाहींत. १९०६ च्या कायद्यान्वयें बेकायदा मिळविलेलें नागरिकत्व रद्द करण्याचा अधिकार सरकारास होता. जें न्यायालयानें उघडपणें दिलें तें आतां बेकायदा मिळविलेलें ठरलें, आणि सुमारें पन्नास हिंदी लोकांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. नागरिकत्व गेलें म्हणजे काय गेलें? कॅलिफोर्नियांत १९१३ पासून असा कायदा होता कीं, ज्यास नागरिक होतांच येत नाहीं अशा परकीयानें शेतजमीन घेऊं नये. म्हणजे जमीन गेली. १९२२ च्या दुसऱ्या एका कायद्यानें, अशा परकीयाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचें नागरिकत्व गमावी. म्हणजे बायकोचा देशहि गेला. पेशावरकडील वैष्णोदास बगाई बायकोमुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस जाऊन व्यापार करीत होते. इंग्रजांच्या राज्यापासून मोकळें व्हावें म्हणून त्यांनीं अमेरिकेचें नागरिकत्व घेतलें होतें. तें काढून घेतल्यावर हिंदुस्थानास येऊन जाण्यासाठीं त्यांस अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. इंग्रजांचा घ्या, असें सांगण्यांत आलें. १९२८ त त्यांनीं आत्महत्या केली. मागें ठेवलेल्या पत्रांत त्यांनीं त्याचें कारण लिहून ठेविलें होतें.

पंडितांवरहि सरकारनें दावा लावला. थिंदांचा वकील म्हणून जो प्रश्न त्यांनीं मांडला होता त्याचें उत्तर आतां सर्वोच्च न्यायालयानें देऊन ठेविलें होतें. मी गोरा आहें, असें म्हणण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हां त्यांनीं तो वाद सोडून दिला, आणि माझ्या मतें येथेंच या माणसाची खरी बुद्धि दिसते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: माझा वंश कोणता हें बाजूला ठेवा. १९१४ त तुम्ही न्यायालयांत होतां. तुम्हीं हरकत घेतली, ती ऐकली गेली, तुम्ही हरलां, आणि अपील केलें नाहीं. तुमच्या त्या कागदावर विसंबून मीं वकिलीचा धंदा पत्करला, घर घेतलें, लग्न केलें. आतां तो कागद तुम्हीं ओढून घेतला तर माझी सनद जाईल, आणि माझी बायको कोणत्याच देशाची राहणार नाहीं. माझ्या विश्वासाचा हा तोटा मीं कां सोसावा?

जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश मॅक्कॉर्मिक यांनीं हें सर्व मान्य केलें. सरकार वर गेलें. १९२६ त अपिलाच्या न्यायालयानें निकाल कायम केला, मात्र कारण निराळें दिलें: धंदा, घर, लग्न यांत आम्ही शिरत नाहीं, एकदां दोन्ही पक्षांसमक्ष निवडलेला वाद पुन्हां उकरून काढतां येत नाहीं. १९२७ त सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा पुढचा अर्ज ऐकण्याचें नाकारलें.

हीं दोन्ही कारणें आपल्यास परकीं नाहींत. आपल्या धर्मशास्त्रांत प्रतिवादीनें द्यावयाच्या चार प्रकारच्या उत्तरांत ‘प्राङ्न्याय’ हें एक सांगितलें आहे; याच वादांत पूर्वीं माझ्या बाजूनें न्याय झाला आहे, असें तें उत्तर. दिवाणी न्यायालयांतील वकील आजहि तोच शब्द योजतात. आणि ज्यानें आपल्या शब्दावर दुसऱ्यास विसंबावयास लावलें त्यास तो शब्द फिरवूं द्यावयाचा नाहीं, हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ११५ व्या कलमांत होतें. जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा आला, तरी तत्त्व कायम आहे. माझ्या विद्यार्थ्यास मीं जें दाखल्याचें सांगितलें तें याच जातीचें. फक्त मला त्याचें नांव माहीत नव्हतें.

पंडितांच्या निकालानंतर अशा प्रकारचे राहिलेले दावे सरकारनें सोडून दिले. म्हणजे वंशाच्या मोठ्या प्रश्नावर जें मिळालें नाहीं तें कागदाच्या लहान प्रश्नावर कांहीं माणसांपुरतें मिळालें. नव्यानें येणारांसाठीं मात्र दार बंदच राहिलें. थिंदांस १९३६ त नागरिकत्व मिळालें तें देखील महायुद्धांतील शिपायांसाठीं झालेल्या १९३५ च्या कायद्यामुळें. २ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं जो कायदा सहीनें मंजूर केला, त्यानें हिंदी लोकांस नागरिक होण्याचा अधिकार दिला, आणि वर्षास १०० माणसांस प्रवेश ठरविला. कोट्यवधींच्या देशास शंभर! राष्ट्रागणिक वाटा ठरविण्याची ती पद्धति १९६५ च्या कायद्यानें मोडली, आणि तेव्हांपासून नातेवाईक व शिकलेले कारागीर, डॉक्टर, इंजिनियर यांच्या वाटेनें आपले लोक तिकडे जाऊं लागले. पंडित १९५९ त वारले.

आपल्या बाजूसहि कायदा आहे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानें मजुरीसाठीं परदेशीं जाणारांकरितां संरक्षक अधिकारी ठरविले आणि माणसें भरती करून पाठविणारांस नोंदणी सक्तीची केली. कमी शिकलेल्यांस कांहीं देशांत जाण्यापूर्वीं त्या अधिकाऱ्याची मंजुरी लागे. मॅट्रिक झालेल्यास त्यांतून सूट ठेवण्यांत आली. तेव्हां मी त्या सुटींत बसतों, पण मला अद्याप कोणी बोलाविलें नाहीं. अमेरिकेंतील स्थिति अशी कीं, परकीयाच्या हद्दपारीचें प्रकरण चालतें तेव्हां त्यास वकील करण्याचा अधिकार आहे, परंतु सरकारी खर्चानें नव्हे. पैसा नसला तर धर्मादाय संस्थांच्या वकिलांकडे जावें लागतें. आणि वकील व दलाल यांतील भेद आपल्या लोकांनीं घर सोडण्यापूर्वींच शिकला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानें एका दलालाच्या हातीं मुलाचे सर्व मूळ कागद दिले. ते परत मिळावयास सहा महिने गेले, आणि तोंवर प्रवेशाची मुदत टळली.

खानखोज्यांचें सांगावयाचें राहिलें. ते १९२४ त मेक्सिकोस गेले व चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत प्राध्यापक झाले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनीं मायदेशीं येण्यासाठीं अर्ज केला, तेव्हां इंग्रजांच्या जुन्या यादींत त्यांचें नांव असल्यामुळें तो आधीं नाकारण्यांत आला, आणि मग मंजूर झाला. ज्या देशासाठीं घर सोडलें त्याच देशाच्या दारांत त्यांस परक्यासारखें उभें राहावें लागलें. अखेर ते नागपुरास येऊन राहिले व तेथेंच १९६७ त वारले.

माझा विद्यार्थी जाण्यापूर्वीं पुन्हां एकदां आला होता. मीं त्याच्याबरोबर शाळेंत जाऊन रजिस्टराच्या त्या पानाची सहीशिक्क्याची नक्कल काढविली, आणि तीनहि आडनांवें एकाच माणसाचीं आहेत असें प्रतिज्ञापत्र त्यानें हिंगणघाटास वकिलाकडून करून घेतलें. मूळ कागद त्यानें स्वतःजवळ ठेविले; नकलांचा एक संच माझ्या कपाटांत आहे.